फलाट क्रमांक एक

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकात फलाट क्रमांक एकच्या कडेच्या भिंतीत एक दार आहे. फलाटावरून जाणाऱ्या बहुतेकांचे त्याच्याकडे लक्षही जात नाही, कारण सगळ्यांच्या माना वर, गाड्यांच्या वेळा दाखवणाऱ्या पडद्याकडे लागलेल्या असतात. दाराआड ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे पहिल्या वर्गाच्या प्रवाशांचे लाउंज आहे. एके काळी हे व्हिक्टोरिया राणीचे खासगी प्रतीक्षालय होते. विंडसरला जाणारी गाडी इथूनच सुटे. आज पहिल्या वर्गाचे तिकीट हातात असलेला कोणीही तिथे जाऊन बसतो, कॉफीच्या यंत्राचे बटण दाबतो आणि फोन चार्जिंगला लावतो.

आम्हाला हे दार उघडले ते पेन्झन्सच्या रात्रीच्या गाडीमुळे. माझी भाची कॉर्नवॉलमध्ये ट्रुरो या गावी डॉक्टर आहे. तिने आम्हा दोघांसाठी, म्हणजे तिचे वडील आणि मी यांच्यासाठी, ‘नाइट रिव्हिएरा’ गाडीतली केबिन काढून ठेवली होती. लंडनहून रात्री पावणेबाराला सुटणारी ही गाडी सकाळी इंग्लंडच्या पार नैर्ऋत्य टोकाला पोचते. आडवे होऊन प्रवास करायच्या गाड्या ब्रिटनमध्ये आता दोनच उरल्या आहेत. एक ही, दुसरी स्कॉटलंडला जाणारी कॅलेडोनियन स्लीपर. केबिनचे तिकीट असले की पॅडिंग्टनचे लाउंज त्यातच येते. ‘‘मामा, बाबांना घेऊन सरळ आत जाऊन बसा. फलाटावर कुडकुडत उभे राहू नका,’’ असे तिने फोनवर दोनदा बजावले होते. दोनदा अशासाठी, की तिला तिचे बाबा ठाऊक आहेत.

दाजी मध्य रेल्वेत गार्ड होते. आयुष्यातली निम्मी रात्रपाळी दौंड-मनमाड मार्गावर गेलेली. २०२२ च्या जानेवारीत भारतीय रेल्वेने गार्ड या पदाचे नाव बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ केले. दाजी त्याच्या आधीच निवृत्त झाले, त्यामुळे ते स्वतःला अजून गार्डच म्हणवतात आणि तसेच वागतात. कुठल्याही स्थानकात शिरले की आधी फलाटाच्या टोकापर्यंत चालत जायचे, सिग्नल बघायचा, रुळांची खडी बघायची, मग बाकीचे. पॅडिंग्टनलाही त्यांनी तेच केले. बॅगा माझ्या ताब्यात देऊन ते जे गेले, ते बऱ्याच वेळाने परतले ते एक तक्रार घेऊन.

‘‘वर तार आहे. मग इंजिन डिझेलचं का?’’

प्रश्न रास्त होता. पॅडिंग्टनमध्ये आपल्यासारखीच पंचवीस हजार व्होल्टची विजेची तार आहे. पण पेन्झन्सच्या वाटेवर ती न्यूबरीपर्यंतच जाते. तिथून पुढचा सगळा पल्ला विजेविना. त्यामुळे रात्रीची गाडी निघते तीच डिझेल इंजिन जोडून. भारतातल्या ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण जवळजवळ पूर्ण होत आले असताना, आगगाडीच्या माहेरी ही अवस्था पाहून दाजींच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरले ते लपण्यासारखे नव्हते.

मात्र स्थानकाने त्यांना जिंकले. इझम्बार्ड किंग्डम ब्रुनेल या अभियंत्याने मॅथ्यू डिग्बी वायट या वास्तुविशारदाच्या साथीने हे स्थानक उभारले आणि १८५४ मध्ये ते सुरू झाले. म्हणजे बोरीबंदर-ठाणे गाडी धावल्यानंतर अवघ्या वर्षभराने. लोखंडी कमानींवर तोललेले काचेचे छप्पर लांबीला सुमारे दोनशे दहा मीटर भरते. ते बांधणारी फॉक्स हेंडरसन ही कंपनी १८५१ च्या प्रदर्शनाचा क्रिस्टल पॅलेस उभा करून नुकतीच मोकळी झाली होती. ब्रुनेलने आपल्या रेल्वेसाठी रूळही जगावेगळे निवडले होते. दोन रुळांत सात फूट पाव इंच अंतर! आपल्या ब्रॉडगेजपेक्षाही ते दीड फुटाने जास्त. बाकी इंग्लंड चार फूट साडेआठ इंचांवर धावत होते. अखेर १८९२ च्या मे महिन्यात एका शनिवार-रविवारच्या आसपास, उरलेला सगळा रुंद मार्ग हजारो कामगारांनी अरुंद करून टाकला. दाजींना हे सांगितले तेव्हा त्यांनी ‘ब्लॉक किती तासांचा घेतला होता?’ एवढेच विचारले.

आता दार.

दारात शिरल्यावर एक टेबल, टेबलामागे गणवेशातली एक बाई. तिने हसून तिकीट मागितले. दाजींनी फोन पुढे केला आणि ताठ उभे राहिले. जन्मभर दुसऱ्यांची गाडी सांभाळलेल्या माणसाला तिकीट दाखवण्याची सवय नसते. तिने फोनवरच्या चौकोनाकडे पाहिले, मान हलवली, केबिन कधी उघडेल ते सांगितले आणि आम्ही आत आलो. ना वही, ना सही, ना पीएनआर नंबर लिहिणे.

आत मोठे असे काही नाही, हे आधीच सांगून टाकतो. मऊ खुर्च्या आणि कोच, त्यांच्यामध्ये बुटकी टेबले, जागोजागी प्लग, गाड्यांच्या वेळांचा एक पडदा. एका बाजूला खाण्यापिण्याची सोय आहे. कॉफीचे यंत्र, चहाच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटे, वेफर्सची छोटी पाकिटे, फळे. सगळे आपल्या हाताने घ्यायचे आणि त्याचे पैसे नाहीत. एक माणूस सूट-टायमध्ये लॅपटॉपवर काहीतरी बडवत होता. एक वयस्क जोडपे एकमेकांशी न बोलता एकच वर्तमानपत्र अर्धे-अर्धे वाचत होते. पाठीवरच्या भल्यामोठ्या पिशव्या पायाशी ठेवून दोन मुली कोचावर चक्क झोपल्या होत्या. त्याही आमच्याच गाडीच्या असणार.

दाजी चहाच्या कामाला लागले. तिथे दूध मिळते ते अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या डब्यांत, वर कागदी झाकण चिकटवलेले. एका डबीत चमचाभर दूध. दाजींनी पहिले झाकण ओढले, ते अर्ध्यात फाटले. दुसरे नीट निघाले पण थेंब शर्टावर उडाला. मग त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला, खुर्ची पुढे ओढली आणि ओळीने एकेक डबी टेबलाच्या कडेला टेकवून, झाकणाचे टोक चिमटीत धरून सोलायला सुरुवात केली. कपात दूध वाढत गेले तरी चहाचा रंग काही दाजींच्या मनासारखा येईना. शेवटी गरम पाण्यात आणखी एक पुडी सोडून त्यांनी नाद सोडला. एक घोट घेतला. ‘‘आमच्या रनिंग रूमचा चहा यापेक्षा लाखपट बरा होता,’’ ते म्हणाले. गार्ड आणि ड्रायव्हर ड्यूटी संपल्यावर जिथे झोपतात-जेवतात ती रनिंग रूम. तिथला खानसामा आले ठेचून चहा करायचा, हे मी अनेकदा ऐकलेले आहे.

मग या लाउंजमध्ये माणसे येतात कशासाठी? चहा-बिस्किटे तर फलाटावरच्या दुकानांतही मिळतात, आणि बरी मिळतात. याचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. ज्या राणीची ही खोली, तिनेच ते लिहून ठेवले आहे.

१३ जून १८४२ रोजी व्हिक्टोरिया पहिल्यांदा आगगाडीत बसली. विंडसरजवळच्या स्लाउपासून पॅडिंग्टनपर्यंत. तेव्हाचे पॅडिंग्टन म्हणजे आजच्या जागेजवळचे तात्पुरते स्थानक. इंजिनावर ग्रेट वेस्टर्नचा इंजिन अधीक्षक डॅनियल गूच स्वतः उभा होता आणि त्याच्याबरोबर ब्रुनेल. अर्ध्या तासाच्या आत प्रवास संपला. दुसऱ्या दिवशी राणीने बेल्जियमचा राजा लिओपोल्ड या आपल्या मामाला पत्र लिहिले. आगगाडीने आलो, त्यात धूळ नाही, गर्दी नाही, उकाडा नाही आणि आपण अगदी खूश झालो, असा त्याचा मतलब. वेगाचे कौतुक त्यात आहेच. पण जास्त कौतुक आहे ते जे लागले नाही त्याचे. पहिल्या वर्गाच्या लाउंजमध्ये आजही हेच विकले जाते. फलाटावर माणसे पडद्याखाली घोळका करून उभी असतात, बॅगांची चाके पायांवरून जातात, कोणाचे तरी सँडविच कोणाच्या तरी कोटाला लागते. दार लोटले की हे सगळे बाहेर राहते. बिस्किटे हा नुसता बहाणा.

राणीच्या त्या प्रवासाआधी सहा महिनेही झाले नव्हते, तेव्हा याच मार्गावर एक गोष्ट घडली होती. ती या लाउंजच्या भिंतीवर कोणी लावणार नाही, म्हणून इथे सांगायला हवी. तेव्हा ग्रेट वेस्टर्न कंपनीला तिसऱ्या वर्गाचा प्रवासी नकोच होता. गरिबांना न्यायचे तर मालगाडीला दोन-तीन उघडे डबे जोडायचे, असा खाक्या होता. छप्पर नाही, बाजूंना जेमतेम गुडघाभर उंचीच्या फळ्या, आणि मागे मालाचे जड डबे. २४ डिसेंबर १८४१ च्या पहाटे पॅडिंग्टनहून निघालेली अशी एक गाडी रेडिंगजवळ सॉनिंगच्या खोदलेल्या घळईत शिरली. पावसाने तिथे दरड खाली आली होती. इंजिन मातीत रुतले आणि मागून आलेल्या मालाच्या डब्यांनी माणसांचे डबे चेपून काढले. आठजण जागीच गेले, नववा नंतर. त्यातले बरेचसे पाथरवट होते. लंडनमध्ये संसदेची नवी इमारत बांधायच्या कामावरून नाताळासाठी घरी निघालेले.

या अपघाताचा बोभाटा झाला आणि १८४४ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला. प्रत्येक मार्गावर रोज निदान एक गाडी तिसऱ्या वर्गाची हवी, तिच्या डब्यांना छप्पर हवे, बसायला बाक हवे, वेग ताशी बारा मैलांपेक्षा कमी नको आणि भाडे मैलाला एका पेनीपेक्षा जास्त नको. एवढ्या साध्या गोष्टींसाठी कायदा करावा लागला. ज्या संसदेच्या भिंती त्या पाथरवटांनी घडवल्या त्याच संसदेत तो झाला.

दाजींनी हे शांतपणे ऐकले. ‘‘पॅसेंजरचे डबे इंजिन आणि मालाच्या मधी जोडायचे नसतात,’’ ते म्हणाले. ‘‘हे कुणालाही कळतं.’’ मग उठून आणखी दोन बिस्किटे घेऊन आले.

वर्गांचा इतिहास पुढे मजेशीर वळणे घेतो. मिडलँड रेल्वेने १८७५ पासून दुसरा वर्गच काढून टाकला आणि तिसऱ्या वर्गाच्या बाकांवर गाद्या घातल्या. मग हळूहळू इतरही कंपन्या त्या वाटेने गेल्या. त्यामुळे विसाव्या शतकात कित्येक दशके ब्रिटनच्या गाड्यांत बहुतेक ठिकाणी पहिला वर्ग होता आणि तिसरा वर्ग होता, मधला गायब. १९५६ मध्ये तिसऱ्याला दुसरा म्हणायला लागले. १९८७ मध्ये दुसऱ्याला ‘स्टँडर्ड’ म्हणायला लागले. वरच्याला मात्र कोणी हात लावला नाही. १८३८ मध्ये ग्रेट वेस्टर्नची पहिली गाडी धावली तेव्हाही तो पहिला होता, आजही पहिलाच आहे. भारतात तिसरा वर्ग १९७४ मध्ये कागदोपत्री संपला. त्या डब्यातल्या माणसाच्या पाठीला फरक कळला तो मात्र १९७७ नंतर, मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले तेव्हा. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर त्यांनी दोन इंच फोम बसवायला लावला. राजापूरच्या या समाजवादी खासदाराने रेल्वेत बाकी काय केले हे विसरलेल्या माणसालाही तो फोम आठवतो. दाजींना तर आठवतोच. ‘‘दंडवत्यांच्या आधीची फळी आणि नंतरची फळी, दोन्हीवर झोपलोय मी,’’ ते म्हणतात.

पण डब्यातल्या वर्गापेक्षा फलाटावरचा वर्ग जास्त बोचतो, असे मला वाटते. गाडी निघाल्यावर प्रत्येकजण आपापल्या डब्यात असतो, कोणाला कोण दिसत नाही. थांबून राहण्याच्या वेळेत मात्र सगळे एकाच जागी असतात आणि कोणी कुठे बसायचे हे उघड्यावर ठरते.

त्याच दिवशी सकाळी आम्ही लंडनच्या उत्तर भागातल्या किंग हेन्रीज रोडवरचे दहा नंबरचे घर पाहून आलो होतो. १९२१-२२ मध्ये विद्यार्थी असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेतले आणि आता तिथे स्मारक आहे. महाराष्ट्रातून लंडनला आलेली माणसे आवर्जून तिथे जातात. राणीच्या खोलीत बसल्यावर त्यांचेच एक लेखन आठवणे स्वाभाविक होते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींची सुरुवातच एका रेल्वे स्थानकावर होते. नऊएक वर्षांचा भीम, भाऊ-भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला निघालेला, सातारा जिल्ह्यातल्या मसूर स्थानकावर उतरतो. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे. न्यायला कोणीच आलेले नसते. बाकीचे उतारू निघून जातात, फलाट रिकामा होतो. स्टेशनमास्तर येऊन चौकशी करतो, नीटनेटकी मुले पाहून त्यांना ब्राह्मणांची समजतो. ‘कोण तुम्ही?’ या प्रश्नाला मुलगा सरळ उत्तर देतो, की आम्ही महार. स्टेशनमास्तरचा चेहरा पालटतो. गाडीवाले दुप्पट भाड्यालाही नेईनात. शेवटी तोड निघते ती अशी, की बैलगाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार.

त्याआधी काही वर्षे, ७ जून १८९३ च्या रात्री, दक्षिण आफ्रिकेतल्या पीटरमॅरिट्झबर्ग स्थानकावर मोहनदास गांधी नावाच्या तरुण बॅरिस्टरला पहिल्या वर्गाच्या डब्यातून खाली उतरवले गेले. खिशात पहिल्या वर्गाचे रीतसर तिकीट होते. त्याने ती रात्र तिथल्याच प्रतीक्षालयात काढली. तिकडे जून म्हणजे थंडीचा महिना. ओव्हरकोट सामानात होता आणि सामान रेल्वेच्या ताब्यात; पुन्हा अपमान नको म्हणून त्याने तो मागितलाही नाही. तिकीट असून डबा मिळाला नाही आणि थंडीत बसायला मिळाली ती प्रतीक्षालयाची खोली. पुढे १९१७ मध्ये याच गांधींनी भारतातल्या तिसऱ्या वर्गाच्या हालांवर स्वतंत्र लेख लिहिला, आणि तो लिहिण्यासाठी लागणारा प्रवास तिसऱ्या वर्गानेच केलेला होता.

आपल्याकडची प्रतीक्षालये अजून आहेत. ‘उच्च श्रेणी प्रतीक्षालय’ अशी पाटी, आत शिसवी किंवा सागवानी लांब हातांच्या आरामखुर्च्या, एखादा जाडजूड आरसा, टेबलावर नोंदवही आणि तिच्याशी दोरीने बांधलेले पेन. पण त्यांच्या शेजारी आता दुसरीच दुनिया उभी राहते आहे. मोठ्या स्थानकांवर आयआरसीटीसीची एक्झिक्युटिव्ह लाउंज आहेत, मुंबई सेंट्रलला २०२१ मध्ये पॉड हॉटेल सुरू झाले. आणि गंमत अशी की यातल्या काही लाउंजमध्ये जायला पहिल्या वर्गाचे तिकीट लागतच नाही. ठरावीक बँकांचे क्रेडिट कार्ड असले की यंत्रात घालायचे, दोन रुपये कापले जातात आणि थेट जेवणाच्या टेबलापाशी. स्लीपरच्या तिकिटावर प्रवास करणारा तरुण आत पनीर खातो आहे आणि एसी फर्स्टचे तिकीट असलेले, कार्ड न बाळगणारे आजोबा बाहेर बाकावर बसले आहेत, असे दृश्य तिथे सहज घडू शकते. रेल्वेचा वर्ग आता बँक ठरवते. हे पूर्वीपेक्षा बरे की वाईट, यावर दाजींचे आणि माझे एकमत झाले नाही. त्यांच्या मते तिकीट हाच एकमेव पुरावा. बाकी सगळे लाड.

गाडीला अजून बराच अवकाश होता. पण दाजी काही आत फार वेळ टिकणारे नव्हते. ‘‘इथं कळतच नाही बाहेर काय चाललंय,’’ म्हणून ते उठले. बॅगा तिथेच ठेवून (तिथे त्या ठेवता येतात, पण नजर असावी) आम्ही आळीपाळीने बाहेर पडलो. आणि खरे पॅडिंग्टन तिथे, दाराबाहेर, फुकट होते.

फलाट एकवरच, लाउंजपासून दूर नाही, ब्राँझचा एक सैनिक उभा आहे. अंगावर जाड कोट, गळ्यात मफलर, डोक्यावर शिरस्त्राण आणि हातात घरून आलेले पत्र. मान खाली घालून तो ते वाचतो आहे. शिल्पकार चार्ल्स सार्जंट जॅगर. अनावरण ११ नोव्हेंबर १९२२. पहिल्या महायुद्धात ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे २,५२४ कर्मचारी मारले गेले, त्यांचे हे स्मारक. बंदूक रोखलेला, ओरडणारा, झेंडा रोवणारा सैनिक जॅगरला करता आला असता. त्याने पत्र वाचणारा केला, आणि रेल्वेच्या फलाटावर यापेक्षा योग्य दुसरे काही शोभले नसते. टपाल याच गाड्यांनी जात होते. २०१४ मध्ये, युद्धाला शंभर वर्षे झाली तेव्हा, या अनाम सैनिकाला पत्रे लिहा असे आवाहन ब्रिटनमध्ये केले गेले. एकवीस हजारांहून जास्त लोकांनी ती लिहिली. दाजी त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. कंपनीच्या मेलेल्या नोकरांचा आकडा त्यांनी दोनदा विचारून घेतला.

त्याच फलाटावर तीन तोंडांच्या घड्याळाखाली पॅडिंग्टन अस्वलाचा पुतळा आहे. मायकेल बाँड यांच्या १९५८ मधल्या पुस्तकातले हे अस्वल पेरू देशातून एकटेच येते आणि याच स्थानकात एका कुटुंबाला सापडते. गळ्यात चिठ्ठी, सोबत एक सुटकेस. युद्धकाळात लंडनहून खेड्यापाड्यांत पाठवलेली, गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवलेली मुले बाँड यांच्या मनात होती. मुलांची रांग तिथे कायम असते, अस्वलाचे नाक हात लावून लावून चकाकते आहे. त्याच्याकडे पहिल्या वर्गाचे तिकीट नव्हते. तिकीटच नव्हते.

आणि राणीचे काय? तीही शेवटी याच स्थानकातून गेली. २ फेब्रुवारी १९०१ रोजी तिची शवपेटी लंडनच्या रस्त्यांवरून मिरवत पॅडिंग्टनला आणली गेली आणि खास गाडीने विंडसरला नेली. विंडसर स्थानकावर तोफेचा गाडा ओढणारे घोडे थंडीत बिथरले, साज तुटला, तेव्हा पहाऱ्याच्या खलाशांनी दोर हाती घेऊन गाडा माणसांच्या बळावर ओढला. तिच्या कारकिर्दीच्या १८८७ मधल्या सुवर्णमहोत्सवात तिचे नाव मिळालेले मुंबईचे टर्मिनस तोवर पुरे बांधून झाले होते. त्याचे नाव बदलायला १९९६ उजाडले.

गंमत म्हणजे, पॅडिंग्टनचे जे चित्र जगाला ठाऊक आहे त्यात प्रतीक्षालय नाहीच. विल्यम पॉवेल फ्रिथ यांनी १८६२ मध्ये ‘द रेल्वे स्टेशन’ हे भलेमोठे चित्र प्रदर्शनात मांडले. त्यात आहे तो फलाट आणि नुसता फलाट. शाळेला निघालेली मुले आणि त्यांना कुरवाळणारी आई, लग्नाची वऱ्हाडी मंडळी, सैन्यात भरती झालेले तरुण, गाडीत पाय ठेवता ठेवता पोलिसांनी धरलेला गुन्हेगार. वरती ब्रुनेलची कमान. फ्रिथने स्वतःच्या घरच्यांनाही त्यात बसवून घेतले. लोक पैसे मोजून हे चित्र बघायला रांगा लावत. राणीची खोली कोणी रंगवली असती तर तिच्यासाठी रांग लागली असती, असे वाटत नाही.

गाडी सुटायच्या तासभर आधी केबिनचे डबे उघडले. दाजींनी आधी खिडकीखाली वाकून चाके पाहिली, मग दार, मग धोक्याची साखळी शोधली (ती तिथे साखळीच्या रूपात नसते, हे त्यांना पटायला वेळ लागला), आणि मगच गादीवर बसले. गादी दोन इंचांपेक्षा जाड होती. हे त्यांनी मान्य केले.

ज्यांना पॅडिंग्टनहून जायचे असेल त्यांच्यासाठी एवढेच. पहिल्या वर्गाचे किंवा रात्रीच्या केबिनचे तिकीट असेल तर लाउंजमध्ये जरूर जा; स्वच्छतागृह चांगले आहे, फोन चार्ज होतो, बसायला मऊ मिळते आणि पावसाळी रात्री या तीन गोष्टी पुष्कळ झाल्या. चहाची आशा ठेवू नका, फळे घ्या. पण सगळा वेळ तिथेच काढू नका. सैनिक, अस्वल आणि छप्पर पाहायला अर्धा तास राखून ठेवा. त्याला कुठल्याच वर्गाचे तिकीट लागत नाही. केबिन मोजक्याच असतात, म्हणून आगाऊ काढलेल्या बऱ्या. आणि शनिवारी रात्री ही गाडी नसते, तेवढे तारीख ठरवताना ध्यानात असू द्या.